मेनिंगोकोकलच्या केसेस वाढतायत अशी शंका आली तर: विभागीय सर्व्हेलन्स कुठल्या क्रमाने करायचं

मेनिंगोकोकल म्हणजे *नायसेरिया मेनिंजायटिडिस* या जंतूमुळे होणारा मेंदूज्वर किंवा रक्तातला संसर्ग. त्याच्या केसेस वाढतायत अशी शंका आली की दोन चुका हमखास होतात आणि दोन्ही एकमेकींच्या अगदी उलट आहेत. पहिली, लॅबचा रिपोर्ट येईपर्यंत पेशंटच्या घरच्यांना प्रतिबंधक औषध द्यायचं थांबवतात. दुसरी, सेरोग्रुप (जंतूचा गट, ज्यावरून लस ठरते) माहीत नाही, दोन केसेसचा एकमेकींशी काही संबंध आहे का तेही बघितलेलं नाही आणि तरी उद्रेक जाहीर करून मोकळे होतात. म्हणजे जिथे घाई हवी तिथे उशीर आणि जिथे थांबायला हवं तिथे घाई.

म्हणून आधी एवढं पक्कं करा की ही दोन वेगळी कामं आहेत. एकेका केसभोवतीच्या माणसांना वाचवणं हे तासांचं काम, आणि केसेस खरंच वाढल्यात का हे ठरवणं हे दिवसांचं काम. दोन्ही एकाच वेळी सुरू होतात पण एकाने दुसऱ्यासाठी थांबायचं नाही. खालचे टप्पे जिल्हा किंवा विभाग पातळीवर डेटा बघणारे, हॉस्पिटलमध्ये रिपोर्टिंग करणारे आणि लॅबमधले लोक यांच्यासाठी आहेत.

## टप्पा १: केस येण्याआधीची तयारी

हे शांत दिवसांत करून ठेवायचं, कारण केस आली की वेळ मिळत नाही.

तुमच्या विभागातल्या सगळ्या रिपोर्टिंग युनिटची यादी काढा, त्यात खासगी हॉस्पिटल आणि खासगी लॅब आहेत का ते बघा, नसतील तर तुमचं चित्र पहिल्यापासूनच अर्धवट आहे. प्रत्येक युनिटकडून दर आठवड्याला आकडा यायला हवा, एकही केस नसेल तरी "शून्य" असं लिहून यायला हवा. रिकामी जागा आणि शून्य यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. शून्य म्हणजे कुणीतरी रजिस्टर बघितलं, रिकामी जागा म्हणजे कुणी बघितलं की नाही तेच कळत नाही.

मग मागच्या किमान पाच वर्षांचे महिनावार आकडे काढून ठेवा, तुलना त्यांच्याशीच करायची आहे.

सावधान: २०२० आणि २०२१ ही वर्षं सरासरीत धरू नका. कोविडच्या काळात लोकांच्या भेटीगाठी कमी झाल्या आणि मेनिंगोकोकलच्या केसेस बऱ्याच देशांत खूप खाली आल्या, त्या वर्षांशी तुलना केली तर अगदी नेहमीचं वर्षसुद्धा उद्रेकासारखं दिसेल.

सॅम्पलचं किट, ट्रान्सपोर्ट मीडियम (नेताना जंतू जिवंत ठेवणारं माध्यम), पीसीआर (जंतूचा डीएनए शोधणारी चाचणी) करणाऱ्या लॅबचा पत्ता आणि तिथे सुट्टीच्या दिवशी सॅम्पल घेतात का याचं उत्तर, हे सगळं एका कागदावर असू दे.

## टप्पा २: केसची व्याख्या ठरवा आणि मध्येच बदलू नका

संशयित, संभाव्य आणि निश्चित अशा तीन पायऱ्या ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येप्रमाणे अचानक आलेला ताप (काखेत ३८ अंशांच्या वर) आणि त्यासोबत मान आखडणं, शुद्ध हरपणं किंवा मेंदूच्या आवरणाला सूज आल्याचं दुसरं लक्षण असेल तर तो मेंदूज्वराचा संशयित. एक वर्षाखालच्या बाळात मान आखडलेली दिसेलच असं नाही, तिथे ताप आणि फुगलेली टाळू बघायची. पाठीतलं पाणी गढूळ आलं किंवा त्यात पांढऱ्या पेशी वाढलेल्या असल्या किंवा ग्रॅम स्टेनमध्ये (सॅम्पल रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं) जोडीजोडीने दिसणारे ग्रॅम निगेटिव्ह जंतू सापडले तर संभाव्य. कल्चर (लॅबमध्ये जंतू वाढवून बघणं) किंवा पीसीआरमध्ये *नायसेरिया मेनिंजायटिडिस* सापडला तर निश्चित.

आता इथली मोठी अडचण. ही व्याख्या मेंदूज्वराची आहे आणि मेनिंगोकोकल म्हणजे फक्त मेंदूज्वर नाही. रक्तात पसरलेल्या आजारात मान अगदी मऊ असू शकते, ताप असतो, हातपाय थंडगार पडतात, पाय प्रचंड दुखतात, पुरळ येतं किंवा येतही नाही आणि काही तासांत पेशंट शॉकमध्ये जातो. अमेरिकेच्या सीडीसीने (तिथली रोग नियंत्रण संस्था) मार्च २०२४ मध्ये सेरोग्रुप वायच्या एका स्ट्रेनबद्दल, म्हणजे उपप्रकाराबद्दल (एसटी-१४६६), डॉक्टरांना इशारा दिला होता, त्यातल्या जवळपास दोन तृतीयांश पेशंटना मेंदूज्वर नव्हताच, जंतू रक्तात होता, काहींच्या तर सांध्यात होता, आणि बहुतेक पेशंट ३० ते ६० वयाचे होते. फक्त मान आखडलेली लहान मुलं मोजणाऱ्या यंत्रणेला अशी वाढ दिसणारच नाही. म्हणून रक्ताच्या किंवा सांध्यातल्या पाण्याच्या कल्चरमध्ये हा जंतू सापडला की लॅबने थेट तुम्हाला फोन करायचा, ही सोय वेगळी करून ठेवा.

पुरळाबद्दल एक सांगायलाच हवं. काचेचा ग्लास दाबून पुरळ फिकं पडतं का बघायचं (पडलं नाही तर संशय) हे सगळ्यांना माहीत असतं, पण सावळ्या किंवा काळ्या त्वचेवर ते पुरळ दिसतच नाही बऱ्याचदा, तळहात, तळपाय आणि पापणीच्या आतली बाजू बघा. आणि पुरळ नाही म्हणून केस नाही असं कधीच धरू नका.

तपासून बघा: लॅटेक्स किंवा रॅपिड टेस्ट पॉझिटिव्ह आली तर ती संभाव्य धरायची की निश्चित, हे देशादेशांत वेगळं आहे. तुमच्याकडे जे आहे ते लिहून ठेवा आणि मागच्या वर्षीही तसंच मोजलं होतं का ते बघा.

## टप्पा ३: सॅम्पल

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

शक्य असेल तर अँटिबायोटिकच्या आधी रक्त आणि पाठीतलं पाणी घ्यायचं. पण पेशंट शॉकमध्ये असेल, मेंदूतला दाब वाढल्याची चिन्हं असतील किंवा पाणी काढणारं माणूस हजर नसेल तर रक्त घ्या आणि लगेच अँटिबायोटिक सुरू करा, सॅम्पलसाठी औषध थांबवायचं नाही. औषध शिरेतून गेल्यावर एक-दोन तासांतच पाठीतल्या पाण्यातला जंतू कल्चरला वाढेनासा होऊ शकतो हे खरं, पण पीसीआरला त्याचा डीएनए त्यानंतरही काही दिवस सापडू शकतो. म्हणजे "औषध आधीच दिलंय, आता सॅम्पल घेऊन काय उपयोग" हे वाक्य चुकीचं आहे. घ्या आणि पीसीआरला पाठवा.

आता फ्रिजचा घोळ. वॉर्डमधलं कुणीतरी चांगल्या हेतूनेच ट्यूब फ्रिजमध्ये ठेवतं, सकाळी ती लॅबला जाते, कल्चर निगेटिव्ह येतं आणि केस कायमची "संशयित" राहते. हा जंतू थंडीत मरतो. कल्चरची ट्यूब बाहेरच ठेवायची, खोलीच्या तापमानाला, आणि तासाभरात लॅबमध्ये पोचवायची. ते जमणार नसेल तर ट्रान्स-आयसोलेट मीडियमची बाटली वापरा, ती रिकामी असताना फ्रिजमध्ये राहते, वापरायच्या आधी बाहेर काढून खोलीच्या तापमानाला आणायची आणि सॅम्पल टाकल्यावर पुन्हा फ्रिजमध्ये ठेवायची नाही. पीसीआरची ट्यूब मात्र वेगळी, ती थंड चालते, उशीर होणार असेल तर गोठवलेलीच बरी. दोन ट्यूब दिसायला सारख्या, नियम उलटे. म्हणून ट्यूबवरच मोठ्या अक्षरात लिहा, "कल्चर, फ्रिज नाही" आणि "पीसीआर, थंड". पीसीआरसाठी ईडीटीएची रक्ताची ट्यूबही त्याच वेळी घेऊन ठेवा.

तपासून बघा: प्रत्येक सॅम्पलवर पेशंटचा आयडी, कधी घेतलं त्याची तारीख आणि वेळ, आणि अँटिबायोटिक आधी दिलं होतं का. तिसरी गोष्ट जवळजवळ कुणीच लिहीत नाही आणि निगेटिव्ह रिपोर्टचा अर्थ लावताना तीच लागते.

## टप्पा ४: पहिले २४ तास, संपर्कातली माणसं

संशय पक्का वाटला की हे सुरू करायचं, कल्चरची वाट बघायची नाही. आजार सुरू व्हायच्या आधीच्या सात दिवसांत जे पेशंटच्या अगदी जवळ होते त्यांची यादी करा: एका घरात राहणारे, एका खोलीत झोपणारे, चुंबन किंवा थुंकीशी थेट संपर्क आलेले, पाळणाघरातली मुलं आणि तिथली माणसं. श्वासनळीत नळी टाकताना किंवा तोंडाने श्वास देताना मास्क न घातलेले कर्मचारीही यात येतात. घरातल्या माणसांना धोका इतरांपेक्षा शेकडो पटींनी जास्त असतो, म्हणून औषध २४ तासांच्या आत द्यायचा प्रयत्न करायचा आणि पेशंट आजारी पडून १४ दिवस उलटल्यावर देण्यात फारसा अर्थ उरत नाही.

औषधं तीन. मोठ्यांना सिप्रोफ्लॉक्सासिन ५०० मिलिग्रॅमची एकच गोळी, किंवा रिफाम्पिसिन ६०० मिलिग्रॅम दर १२ तासांनी दोन दिवस, किंवा सेफ्ट्रायॅक्सोन २५० मिलिग्रॅमचं एक इंजेक्शन. गरोदर बाईंना सेफ्ट्रायॅक्सोन. मुलांचे डोस वेगळे, ते डॉक्टरांनीच ठरवायचे. रिफाम्पिसिन देताना सांगून टाका की लघवी आणि अश्रू नारिंगी होतील, कॉन्टॅक्ट लेन्सवर डाग पडतील आणि गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होईल, नाहीतर घाबरून लोक दुसऱ्या दिवशी औषध सोडून देतात.

सावधान: सिप्रोफ्लॉक्सासिनला न जुमानणारे स्ट्रेन आता सापडतात. सीडीसीचा नियम असा आहे की एखाद्या भागात मागच्या १२ महिन्यांत अशा स्ट्रेनच्या किमान दोन केसेस आणि एकूण केसेसच्या किमान २० टक्के केसेस अशा असतील तर तिथे दुसरं औषध निवडायचं. म्हणजे सेन्सिटिव्हिटीचा (जंतूवर कुठलं औषध चालतं याचा) रिपोर्ट फक्त त्या पेशंटच्या फाइलमध्ये राहून चालत नाही, तो तुमच्या लाइन लिस्टमध्ये (सगळ्या पेशंटची यादी, टप्पा ५) यायला हवा.

अजून एक राहून जातं. पेशंटला नुसत्या पेनिसिलिनवर बरं केलं असेल तर नाकाघशातला जंतू जाईलच असं नाही, घरी सोडायच्या आधी त्यालाही प्रतिबंधक औषध द्यावं लागतं. सेफ्ट्रायॅक्सोनवर बरा झाला असेल तर गरज नाही.

आणि संपर्कातल्या लोकांना औषध दिलं म्हणजे विषय संपला असं नाही. या आजाराला दिसायला २ ते १० दिवस लागतात, साधारण तीन-चार. दहा दिवस ताप, डोकेदुखी, पुरळ यावर लक्ष ठेवायला सांगा आणि काही वाटलं तर कुठे जायचं ते कागदावर लिहून द्या.

## टप्पा ५: लाइन लिस्ट

एका ओळीत एक पेशंट. नमुना म्हणून एक ओळ बघा: केस ०७, वय १९, पुरुष, राहण्याचा उपविभाग ब, हॉस्टेल, आजार सुरू ३ तारीख, भरती ४ तारीख, कळवलं ९ तारीख, सॅम्पल रक्त आणि पाठीतलं पाणी, अँटिबायोटिक आधी दिलं होतं, कल्चर निगेटिव्ह, पीसीआर पॉझिटिव्ह, सेरोग्रुप डब्ल्यू, लस घेतलेली नाही, मागच्या दहा दिवसांत प्रवास आणि मोठा मेळावा, संपर्कातली माणसं ११, त्यातल्या ११ जणांना औषध दिलं, अजून भरती.

यात तीन तारखा आहेत आणि गोंधळ तिथेच होतो. आलेख आजार सुरू झालेल्या तारखेवर काढायचा, कळवलेल्या तारखेवर नाही. एखाद्या हॉस्पिटलने महिन्याभराचे फॉर्म एकदम पाठवले तर कळवलेल्या तारखेच्या आलेखात एका दिवसात उंच खांब उभा राहतो, लोक हादरतात आणि प्रत्यक्षात त्या केसेस चार आठवड्यांत विखुरलेल्या असतात.

ठिकाणाचंही तसंच. पेशंट जिथे राहतो ते लिहायचं, ज्या हॉस्पिटलात भरती झाला ते नाही, नाहीतर मोठं हॉस्पिटल असलेला भाग कायम लाल दिसणार.

तपासून बघा: डुप्लिकेट. लहान हॉस्पिटलने कळवलं, पेशंट मोठ्या हॉस्पिटलला हलवला, त्यांनीही कळवलं, नावाचं स्पेलिंग थोडं वेगळं, वय एक वर्षाने कमी-जास्त. नाव, वय, राहण्याचं ठिकाण आणि आजाराची तारीख चारही शेजारी ठेवून डोळ्यांनी बघा, नुसतं सॉफ्टवेअरवर सोडू नका.

## टप्पा ६: वाढ खरी आहे का

आकडा वाढलेला दिसला की आधी स्वतःला हे विचारा. लॅबमध्ये नुकतं पीसीआर सुरू झालं का? डॉक्टरांचं ट्रेनिंग झालं का, बातम्या आल्या का, की ज्यामुळे जास्त सॅम्पल जातायत? व्याख्या बदलली का? नवं हॉस्पिटल यादीत आलं का? यातलं काही झालं असेल तर एकूण सॅम्पल किती आणि त्यातली पॉझिटिव्ह किती हे प्रमाण बघा. सॅम्पल दुप्पट झाली आणि पॉझिटिव्हचं प्रमाण तेवढंच राहिलं तर कदाचित तुम्ही आधीच्याच केसेस आता नीट शोधताय. आणि संशयितांमध्ये न्यूमोकोकस (मेंदूज्वराचा दुसरा एक जंतू) किंवा व्हायरसचे पेशंट मिसळलेले असतात, ते वेगळे काढा.

ऋतूसुद्धा. आफ्रिकेत सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या मेनिंजायटिस पट्ट्यात कोरड्या महिन्यांत, साधारण डिसेंबर ते जून, केसेस वाढतातच, आणि समशीतोष्ण देशांत हिवाळा ते वसंतात. तुलना मागच्या महिन्याशी नको, मागच्या वर्षांतल्या त्याच महिन्याशी.

## टप्पा ७: आकडेमोड

जागतिक आरोग्य संघटनेचे उंबरठे आफ्रिकेतल्या त्या मेनिंजायटिस पट्ट्यासाठी आहेत. ३०,००० ते १,००,००० लोकसंख्येत आठवड्याला लाखामागे ३ संशयित केसेस म्हणजे इशारा, १० म्हणजे साथ. ३०,००० च्या खाली असेल तर आठवड्यात २ केसेसला इशारा, आणि ५ केसेस किंवा तीन आठवड्यांत दर आठवड्याला दुप्पट (१, २, ४ अशा) झाल्या तर साथ.

भागाकार सोपा आहे, चूक छेदात होते. समजा जिल्ह्याची लोकसंख्या ४,००,००० आणि एका आठवड्यात ६ केसेस. लाखामागे दीड, म्हणजे सगळं शांत. पण त्या सहाही केसेस ६०,००० वस्तीच्या एकाच उपविभागातल्या असतील तर? लाखामागे १०, साथीचा उंबरठा गाठला. मोठ्या छेदाने आग झाकली जाते, म्हणून एक लाखाच्या वरचा भाग नेहमी फोडून मोजा.

जिथे आजार मुळातच कमी आहे तिथे हे उंबरठे लावू नका, लाखामागे दहा केसेसची वाट बघत बसलात तर खूप उशीर होईल. तिथे तीन महिन्यांची खिडकी धरतात. एकाच शाळा-कॉलेज-हॉस्टेलसारख्या ठिकाणी तीन महिन्यांत एकाच सेरोग्रुपच्या २-३ केसेस, किंवा एखाद्या वस्तीत त्याच काळात नेहमीपेक्षा जास्त केसेस, एवढं उद्रेक म्हणायला पुरतं. मात्र एका घरातल्या दोन केसेस इथे एकच धरायच्या. पहिल्या पेशंटनंतर २४ तासांच्या आत दुसरा आजारी पडला तर दोघांना बहुतेक एकाच ठिकाणाहून लागण झाली, त्यानंतर आजारी पडला तर तो दुय्यम (पहिल्याकडून लागण झालेला), पण समाजातला फैलाव मोजताना दोन्ही वेळा ते घर एकदाच मोजायचं.

## टप्पा ८: सेरोग्रुप कळल्याशिवाय लसीचं ठरवू नका

आजाराला बहुतेक वेळा ए, बी, सी, डब्ल्यू, एक्स आणि वाय हे सहा सेरोग्रुप कारण असतात. चार गटांची लस ए, सी, डब्ल्यू, वायवर चालते, बीसाठी वेगळी लस लागते, आणि एक्ससाठी पाच गटांची लस आहे जिला जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये मान्यता दिली. उद्रेक बीचा आणि लस चार गटांची, असं झालं तर लाखो डोस वाया आणि लोकांचा विश्वासही जातो. म्हणून निदान काही केसेसचा तरी सेरोग्रुप हातात हवा. सगळ्यांचा मिळेपर्यंत थांबायची गरज नाही.

सेरोग्रुप एकच असला तरी स्ट्रेन एकच असेल असं नाही. शक्य असेल तिथे कल्चरचे नमुने जपून ठेवून जीनोम सिक्वेन्सिंगला पाठवा, नुसतं पीसीआर करून थांबलात तर सेन्सिटिव्हिटीही नीट कळत नाही आणि केसेसचं एकमेकींशी नातंही नाही.

साथीचा उंबरठा ओलांडला तर लसीकरण लवकरात लवकर, चार आठवड्यांच्या आत व्हायला हवं, उशिरा केलेली मोहीम बहुतेक वेळा उतरत्या आलेखाच्या मागे धावते. वय कुठलं घ्यायचं ते लाइन लिस्टमधूनच येईल.

सावधान: लसीने संरक्षण यायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. संपर्कातल्या माणसाला लस दिली म्हणून त्याची गोळी चुकवायची नाही.

## टप्पा ९: काय करायचं नाही, आणि लोकांना काय सांगायचं

धूर फवारणी नको, शाळेच्या भिंती धुणं नको. हा जंतू शरीराबाहेर फार टिकत नाही, तो माणसाकडून माणसाकडे थुंकीच्या थेंबांतून जातो. सगळ्या शाळेच्या घशातले स्वॅब घेऊ नका, साधारण दहातल्या एका निरोगी माणसाच्या नाकाघशात हा जंतू असाच राहतो, तुम्हाला भरपूर पॉझिटिव्ह मिळतील आणि त्यांचं करायचं काय हे कुणालाच सांगता येणार नाही. सगळ्या गावाला गोळ्या वाटणंही टाळा, त्याने रेझिस्टन्स वाढतो आणि ज्यांना खरी गरज आहे त्यांची यादी मागे पडते. शाळा बंद करायचीही सहसा गरज नसते.

लोकांना सांगताना किती केसेस, कुठल्या भागात, कुणाला गोळी लागते आणि कुणाला नाही, आणि कुठल्या लक्षणांना लगेच हॉस्पिटल गाठायचं, एवढं स्पष्ट सांगा. पेशंटचं नाव, वर्ग, गल्ली यातलं काहीही जाऊ देऊ नका, छोट्या वस्तीत वय आणि शाळा एवढ्यावरच माणूस ओळखला जातो आणि त्या घराला वाळीत टाकल्यासारखं होतं. मग पुढचा पेशंट लपतो.

## टप्पा १०: केसेस कमी झाल्यावर

दोन आठवडे शांत गेले की सगळे थकलेले असतात आणि रिपोर्टिंग ढिलं पडतं. केसेस कमी दिसल्या की आधी बघा, रिपोर्ट पाठवणारी युनिट तेवढीच आहेत ना. ८० टक्क्यांच्या खाली युनिट कळवत असतील तर उतरलेल्या आलेखावर विश्वास ठेवू नका. जिथे तीन महिन्यांची खिडकी वापरली तिथे शेवटच्या केसनंतर तेवढाच काळ जास्तीचं लक्ष चालू ठेवा.

आणि लाइन लिस्टचा शेवटचा रकाना भरा. बऱ्याच याद्यांमध्ये सहा महिन्यांनीही पेशंट "अजून भरती" दिसतो. उपचार मिळूनही दहातला एक किंवा थोडे जास्त पेशंट दगावतात आणि वाचलेल्यांपैकी १० ते २० टक्के लोकांना बहिरेपणा, झटके किंवा हातापायाची बोटं गमावणं असं काहीतरी कायमचं राहतं. प्रत्येक घरी फोन करा, पेशंट कसा आहे ते विचारा, आणि कान तपासले का तेही, कारण बाळाला ऐकू येत नाही हे घरच्यांच्या लक्षात यायला महिने जातात. चाचणी झाली नसेल तर ती कुठे होते ते त्याच फोनवर सांगा आणि झाल्याची तारीख त्या ओळीत लिहा.